चिया: कराच्या वहीतून मोबाईलच्या पडद्यावर

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या स्वयंपाकघरात एखाद्या बरणीत पडून असेल. राखाडी, काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांचे इवलेसे दाणे. पाण्यात टाकले की फुगतात आणि भोवती बुळबुळीत थर धरतात. चिया सीड्स.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, इथे डाएटचं काय काम? काम आहे. चियाबद्दलची कुठलीही रील उघडा, पहिल्या दहा सेकंदांत इतिहास येतोच. ‘अ‍ॅझ्टेक योद्धे मूठभर चिया खाऊन दिवसभर लढायचे.’ ‘स्पॅनिश लोकांनी या बियांवर बंदी घातली.’ ‘पाचशे वर्षं लपवलेलं रहस्य.’ म्हणजे हे बी आपल्याला विकलं जातंय ते इतिहासाच्या जोरावर. मग तो इतिहास तपासून बघायला नको का?

तपासल्यावर जे दिसतं ते रीलपेक्षा साधं आहे आणि जास्त उपयोगी आहे. चिया हे चमत्काराचं बी कधीच नव्हतं. ते रोजच्या जेवणातलं धान्य होतं. हा फरक लक्षात आला, की त्याचं आपल्या ताटात काय करायचं तेही कळतं.

कराची वही

आधी जाऊया मेक्सिकोत. आज जिथे मेक्सिको सिटी आहे, तिथे पाचशे वर्षांपूर्वी तळ्यातल्या बेटावर वसलेलं शहर होतं, तेनोच्तित्लान. अ‍ॅझ्टेकांची राजधानी. एवढं मोठं शहर काही फक्त स्वतःच्या शेतीवर जगत नव्हतं. जिंकलेल्या प्रांतांतून वर्षभर कर यायचा, आणि तो नाण्यांत नाही, वस्तूंत. कापड, कोको, पिसं, मध, मिरच्या आणि धान्य.

हा हिशेब आपल्यापर्यंत कसा पोचला ती गोष्ट सिनेमासारखी आहे. स्पॅनिश विजयानंतर, साधारण १५४१ च्या सुमारास, तिथल्या स्थानिक चित्रकारांनी आणि लेखनिकांनी मिळून एक हस्तलिखित तयार केलं. वरती चित्रं, सोबत स्पॅनिश भाषेत खुलासा. व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंडोझाच्या नावावरून त्याला मेंडोझा कोडेक्स म्हणतात. ते स्पेनच्या राजाकडे निघालं, पण वाटेत फ्रेंच चाच्यांच्या हाती लागलं असं सांगतात. एवढं नक्की, की ते फ्रेंच राजाचा भूगोलतज्ज्ञ आंद्रे तेवे याच्याकडे पोचलं. पठ्ठ्यानं त्यावर स्वतःचं नाव आणि १५५३ हे साल टाकून ठेवलंय. पुढे ते इंग्लंडला गेलं, आणि १६५९ पासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

या कोडेक्सचा मधला भाग म्हणजे कराची वही. एकेका प्रांताचं पान, त्यातल्या गावांची चिन्हं, आणि कोणी काय किती द्यायचं त्याची चित्रं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक प्रांताची एक रो आणि प्रत्येक वस्तूचा एक कॉलम. धान्यासाठी लाकडी कणगीचं चित्र काढलंय, आणि त्या कणग्यांत चार धान्यं पुन्हा पुन्हा दिसतात: मका, घेवडा, राजगिऱ्याच्या कुळातलं उआउत्ली, आणि चिया. अडतीस करदात्या प्रांतांपैकी एकवीस प्रांत चिया द्यायचे असं अभ्यासक सांगतात.

इथे जरा थांबूया. सरकार करात काय घेतं? जे सगळीकडे पिकतं, टिकतं, मोजता येतं आणि रोज लागतं तेच. दुर्मिळ जादूचं बी कणग्या भरभरून कोणी गोळा करत नाही. कराच्या वहीत चिया मक्याच्या आणि घेवड्याच्या शेजारी बसलेली आहे, यातच तिची खरी ओळख आहे.

बाजारात, भांड्यात, औषधात

दुसरा पुरावा त्याहून मोठा आहे. बर्नार्दिनो दे सहागुन नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री १५२९ मध्ये मेक्सिकोत आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. त्यानं त्लातेलोल्को इथल्या नाहुआ विद्वानांच्या मदतीनं अ‍ॅझ्टेक जगाचा बारा खंडांचा ज्ञानकोश तयार केला. देवदेवता, सण, रोग, झाडं, बाजार, लढाया, सगळं त्यात आहे. एका बाजूला नाहुआत्ल भाषा, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. साधारण १५७७ मध्ये तो पुरा झाला आणि आज इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये आहे, म्हणून फ्लोरेंटाईन कोडेक्स.

सहागुनचा हेतू काही निव्वळ ज्ञानाचा नव्हता. त्याला तिथला जुना धर्म मोडायचा होता, आणि मोडण्याआधी तो समजून घ्यायचा होता. पण त्यामुळे झालं काय, की बाजारात बसणाऱ्या साध्या माणसांची नोंदही राहून गेली. चांगला विक्रेता कसा असतो, भेसळ करणारा कसा असतो, हे त्यात लिहिलंय. त्या विक्रेत्यांमध्ये चिया विकणाराही आहे. पुढे झाडांच्या आणि आजारांच्या भागांत चिया औषध म्हणूनही येते.

मग लोक ती खायचे कशी? मुख्यतः मक्याबरोबर. मक्याची पातळ पेज करतात, तिला आतोले म्हणतात, तिच्यात चिया. भाजलेल्या मक्याचं पीठ करतात, त्याला पिनोले म्हणतात, त्यातही चिया. हे पिनोले म्हणजे थेट आपल्या सातूच्या पिठाचा भाऊ! आपण गहू आणि डाळवं भाजून दळतो, गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवतो, आणि झाली न्याहारी. तिकडे तेच, फक्त मक्याचं. प्रवासाला किंवा मोहिमेवर निघताना असं पीठ बरोबर घ्यायचे, कारण ते हलकं, टिकाऊ, आणि पाणी घातलं की तयार.

आता ‘मूठभर चियावर लढणारा योद्धा’ या वाक्याकडे परत बघा. त्याच्या मुळाशी काही खरं असेलच तर ते हे आहे: शिदोरीच्या पिठात चिया होती. पण पिठात मका होता, आणि ताकद मुख्यतः त्या मक्याची होती. रीलमधून मका गायब झाला आणि चिया उरली.

आणखी एक उपयोग तर खाण्याचाच नाही. चियाच्या तेलानं लाकडी भांड्यांना चकाकी देणारा लेप करायचे. मिचोआकानमधल्या उरुआपानला आणि गेरेरो राज्यातल्या ओलिनालाला ही लाखकामासारखी कला अजून टिकून आहे. तेल लवकर सुकून कडक होतं, म्हणून हे जमतं. हेच काम युरोपात जवसाच्या तेलानं केलं, तैलचित्रं त्याच तेलात रंगवली गेली. दोन्ही तेलांचा हा गुण ज्यामुळे येतो त्यात मोठा वाटा ओमेगा-३ जातीच्या एका स्निग्धाम्लाचा आहे. आज डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ना, तेच!

बंदी आली की यादीतून नाव गेलं?

१५१९ मध्ये हर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं. त्यानंतर चिया मागे पडत गेली, हे खरं. पण का?

लोकप्रिय उत्तर: स्पॅनिशांनी धर्माच्या कारणानं बंदी घातली. यात थोडं तथ्य आहे, पण ते जास्त करून राजगिऱ्याच्या बाबतीत. त्याच्या पिठाच्या मूर्ती करून त्या प्रसाद म्हणून खायची पद्धत होती, आणि पाद्र्यांना ती अगदी स्वतःच्या प्रसादाची नक्कल वाटली. चियाही पूजेत वापरायचे, त्यामुळे तिच्यावरही वक्रदृष्टी गेली असणार. पण एका पिकाचं राज्य फक्त फतव्यानं संपत नाही. बाकीची कारणं जास्त जड आहेत.

पहिलं कारण, माणसंच मेली. १५२० मध्ये देवीची साथ आली. मग १५४५ आणि १५७६ मध्ये तिथले लोक जिला कोकोलिस्त्ली म्हणत त्या भयंकर साथी आल्या. एका शतकात मध्य मेक्सिकोतली बहुतांश स्थानिक लोकसंख्या नाहीशी झाली. आकड्यांवर इतिहासकार भांडतात, दिशेवर नाही. पेरणारे हात गेले, खाणारी तोंडं गेली, आणि बियाणं कसं राखायचं हे माहीत असलेली म्हातारी माणसं गेली.

दुसरं कारण, जमिनीचा वापर बदलला. गहू आला, गुरं-मेंढरं आली, कुरणं आली.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते कराच्या वहीतच दिसतं. स्पॅनिशांनी कर गोळा करायची जुनी यंत्रणा मोडली नाही, ती आपल्या सोयीनं बदलली. १५६० च्या दशकापर्यंत कर सरसकट होत गेला: प्रत्येक करदात्यानं एक पेसो रोख आणि अर्धा फानेगा मका द्यायचा. फानेगा म्हणजे धान्य मोजायचं तिकडचं माप. आता या नव्या यादीत चिया कुठे आहे? नाही. कॉलमच डिलीट!

ज्या पिकाचा सरकार हिशेब ठेवत नाही, ते पिकवायचं कारण हळूहळू कमी होतं. हे आपल्याला परकं वाटायला नको. आपल्याकडे रेशनवर वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळ आले, आणि ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरांची ताटं एका पिढीत बदलली. ज्वारीवर कोणी बंदी घातली नव्हती. ती फक्त यादीत नव्हती.

जी उरली ती कुठे उरली

तरी चिया संपली नाही. मेक्सिकोत लिंबू, साखर, पाणी आणि भिजवलेली चिया असं सरबत करतात, आग्वा दे चिया. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, दुःखी मेरीमातेच्या नावानं घरोघरी वेदी मांडतात, तेव्हा हे सरबत वाटायचीही रीत आहे. आणि गंमत बघा, त्याच वेदीवर ठेवायला मातीच्या छोट्या प्राण्यांवर चियाचं बी लावून हिरवे कोंब उगवतात. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात ना, जवळपास तसंच. म्हणजे ज्या धर्मामुळे हे बी मागे पडलं असं म्हणतात, त्याच धर्माच्या सणात ते जाऊन बसलं. हालिस्को राज्यातल्या आकातिक गावाच्या परिसरात शेतकरी चिया पिकवतच राहिले.

बाहेरच्या जगाचं मात्र भलतंच झालं. लिनियसनं १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिलं ते साल्विया हिस्पानिका, म्हणजे ‘स्पेनची’ साल्विया. मूळ झाड मेक्सिको-ग्वातेमालाचं आणि नाव स्पेनचं! जिंकणाऱ्याचं नाव लागलं ते आजतागायत.

मग १९७७ मध्ये अमेरिकेत जो पेडॉट नावाच्या जाहिरातवाल्यानं मेक्सिकोतल्या त्याच मातीच्या आकृत्या खेळणं म्हणून विकायला काढल्या. ‘चिया पेट’. मातीचं डोकं, त्यावर हिरवे केस उगवतात. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे ते खेळणं घराघरात गेलं. जे धान्य एका साम्राज्याच्या कोठारात होतं, ते अमेरिकेतल्या पिढीला खेळण्याचे केस म्हणून माहीत झालं. खायचं असतं हे तिथे फार थोड्यांना ठाऊक होतं.

पुन्हा शेतात

१९९१ मध्ये अर्जेंटिनाच्या वायव्य भागातल्या शेतकऱ्यांना पर्यायी पीक शोधून द्यायचा एक प्रकल्प सुरू झाला. त्यात अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे वेन कोट्स होते, आणि त्यांच्यासोबत रिकार्दो आयेर्सा. तपासलेल्या पिकांत चिया पुढे आली. दोघांनी २००५ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. मग २००९ हे वर्ष आलं आणि दोन गोष्टी घडल्या. युरोपीय संघानं चियाला ‘नवीन अन्न’ म्हणून पावात पाच टक्क्यांपर्यंत घालायची परवानगी दिली. पाचशे वर्षांपूर्वीच्या धान्याला नवीन अन्न! आणि त्याच वर्षी क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. उत्तर मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्यांत राहणारे, मैलोन्‌मैल धावणारे रारामुरी लोक त्यात भेटतात, आणि त्यांचं चियाचं पेयही. धावणाऱ्यांमध्ये चियाची लाट आली ती इथून.

इथेही तीच गोष्ट. सत्तरच्या दशकात संशोधकांनी रारामुरींच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या जेवणाचा मुख्य आधार निघाला मका आणि घेवडा. पण मका आणि घेवडा विकायला कोण घेणार? ते सगळ्यांच्याच घरात आहेत.

भारतात चिया आणण्यात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचा, म्हणजे सीएफटीआरआयचा मोठा वाटा आहे. आधी म्हैसूर परिसरातले शेतकरी, मग मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडचे, आणि आता आपल्याकडे वाशिमसारख्या जिल्ह्यात रब्बीला चिया घेतात. रब्बीच का? कारण चिया दिवसाची लांबी ओळखते. दिवस लहान झाले की ती फुलते. अमेरिकेत केंटकीसारख्या थंड भागात ती इतकी उशिरा फुलायची की बी भरायच्या आत हिमतुषार पडायचे. मोठ्या दिवसांतही फुलणारे वाण तिथल्या विद्यापीठाला मुद्दाम तयार करावे लागले. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं की लहान दिवस आपोआप मिळतात आणि हिमाची भीती फारशी नाही.

आणि नात्यानं ती परकी नाहीच. चिया, सब्जा आणि आपली अंगणातली तुळस, तिन्ही एकाच कुळातल्या. म्हणून सब्जाही तसाच फुगतो. ओळखायचं कसं? सब्जा एकसारखा काळा असतो आणि काही मिनिटांत फुगतो. चिया ठिपकेदार, आणि तिला जास्त वेळ लागतो.

मग ताटात काय?

आता इतिहास हातात घेऊन आजच्या दाव्यांकडे वळूया.

दावा पहिला: ‘चियात दुधाच्या पाचपट कॅल्शियम.’ आकडा खरा आहे. शंभर ग्रॅम चियात साधारण ६३१ मिलिग्रॅम, शंभर ग्रॅम दुधात साधारण १२०. पण मंडळी, शंभर ग्रॅम चिया खातो कोण? मोठा चमचा भरला तर साधारण बारा ग्रॅम होतात. त्यात कॅल्शियम पंचाहत्तर मिलिग्रॅमच्या आसपास. २०० मिलिलिटरच्या पेलाभर दुधात त्याच्या तिपटीहून जास्त. ‘दर शंभर ग्रॅम’ ही तुलना जिथे दिसेल तिथे आधी विचारा, मी किती ग्रॅम खाणार आहे?

दावा दुसरा: ‘वजन उतरतं.’ २००९ मध्ये डेव्हिड नीमन आणि सहकाऱ्यांनी वजन जास्त असलेल्या प्रौढांवर प्रयोग केला. बारा आठवडे, रोज पन्नास ग्रॅम चिया. वजनात फरक पडला नाही. १०० ग्रॅम चियात ४८६ कॅलरी असतात हेही विसरू नका. तुमच्या रोजच्या जेवणात ती वरून ओतली, तर वाढ होईल, घट कशी होईल?

दावा तिसरा: ‘बीपी, शुगरवर चांगली.’ इथे थोडा आधार आहे. टोरांटोतल्या संशोधकांनी २००७ मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या वीस जणांवर केलेल्या अभ्यासात वरचा रक्तदाब काही अंकांनी उतरला. पण वीस जण, आणि रोजची चिया सुमारे सदतीस ग्रॅम. ही आशा आहे, औषध नाही. ज्यांना बीपीच्या, शुगरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी रोज खायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

मग चियाचा खरा फायदा काय? तंतू, म्हणजे फायबर. त्याच बारा ग्रॅमच्या चमच्यात चार ग्रॅमच्या आसपास तंतू येतात. आपल्याला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम लागतात. म्हणजे एका चमच्यात दिवसाचा सातवा-आठवा हिस्सा. मैद्याची बिस्किटं, पांढरा पाव आणि ऑफिसच्या कँटीनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हे लहान नाही. दोन ग्रॅम प्रथिनं आणि ओमेगा-३ वरून. फक्त हे ओमेगा-३ वनस्पतीतलं आहे. माशांत मिळणारं जे असतं, त्यात शरीर याचा थोडाच भाग बदलू शकतं. आणि अख्ख्या दाण्यापेक्षा दळलेल्या चियातून ते जास्त मिळतं, हेही नीमन यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं. पिनोले दळूनच करायचे ना!

एक गोष्ट मात्र नीट ऐका, कारण यात खरंच धोका आहे. कोरडी चिया चमच्यानं तोंडात टाकून वर पाणी प्यायचं नाही. ती आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी शोषते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एक केस मांडली गेली. ३९ वर्षांच्या माणसानं चमचाभर कोरडी चिया खाऊन वर पाणी प्यायलं. त्याला आधीपासून अधूनमधून गिळायला त्रास व्हायचा. बिया अन्ननलिकेतच फुगल्या, रस्ता बंद झाला, आणि डॉक्टरांना दुर्बिणीनं तो गोळा काढावा लागला. म्हणून आधी भिजवा, निदान अर्धा तास. घरात गिळायला त्रास असणारी आजी-आजोबा असतील तर जास्तच जपून. लहान मुलांनाही कोरडी देऊ नका. आणि सवय नसेल तर अर्ध्या चमच्यानं सुरू करा, पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगून बसेल.

खायची कशी? मेक्सिकोनं शिकवलं तशी, मुख्य जेवणात मिसळून. थालीपीठाच्या भाजणीत चमचाभर दळून. भाकरीच्या पिठात. ताकात भिजवून, जिरं-मीठ घालून. दह्याच्या कोशिंबिरीत. सातूच्या पिठात कालवली तर पिनोलेची आपली आवृत्ती तयार. वेगळा ‘चिया पुडिंग’चा डबा भरायची गरज नाही. ज्या गोष्टीसाठी वेगळा डबा भरावा लागतो ती दोन आठवड्यांत बंद पडते, हे आपण जिमच्या फीवरून जाणतोच.

आणि बरणीशेजारची दुसरी बरणी

शेवटचा मुद्दा. चिया महाग वाटत असेल तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बघा. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत जवसाची चटणी असेल. शंभर ग्रॅम जवसात ओमेगा-३ चियापेक्षा जास्तच, साधारण तेवीस ग्रॅमच्या घरात; चियात अठराच्या. तंतू थोडे कमी, पण भरपूर. आणि चटणी म्हणजे भाजून, कुटूनच केलेली, म्हणजे आतलं तेल मिळायची सोय आधीच झालेली. बाळंतिणीचे अळिवाचे लाडू आठवा. अळीवही भिजवलं की असंच बुळबुळीत होतं. फालुद्यातला सब्जा आठवा. फुगणाऱ्या बियांशी आपली ओळख काही रीलनं करून दिलेली नाही.

पण देशात जवसाखालचं क्षेत्र गेल्या काही दशकांत खूप घटलंय. कोणी बंदी घातली नाही. मागणी गेली, तेलाच्या सवयी बदलल्या, आणि नव्या पिढीला ‘जवस’ म्हटल्यावर नीट चेहरा आठवेना. त्याच जवसाला ‘फ्लॅक्स सीड’ म्हणून झिपवाल्या पाकिटात भरलं की आपण ते ऑनलाइन मागवतो. चियाचं जे सोळाव्या शतकात झालं, त्याची लहान आवृत्ती आपल्यासमोर चालू आहे. धान्य यादीतून निघतं, घरातून निघतं, आणि मग कधीतरी बाहेरून ‘सुपरफूड’ होऊन परत येतं, दहापट गोष्टी चिकटवून.

म्हणून चिया जरूर खा. वाशिमच्या शेतकऱ्यानं पिकवलेली मिळाली तर आणखी बरं. भिजवून खा, जेवणात मिसळून खा, चमचाभर खा. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, म्हणजे तीही निराश करणार नाही. आणि जवसाची चटणी कशी करतात हे घरात ज्यांना येतं त्यांना या रविवारी विचारून घ्या. प्रमाण लिहून ठेवा, किंवा फोनवर रेकॉर्ड करा. मेक्सिकोत पेरणारे गेले तेव्हा लिहून ठेवणारा एक सहागुन होता. आपल्या घरात ते काम आपल्यालाच करायचंय.

तुमच्याकडच्या चटणीत लसूण असतो की फक्त तीळ-मिरची, ते आम्हाला व्हॉइस नोटनं कळवा. निवडक नोट्स पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवू. पुढच्या भागात याच मेक्सिकोतून निघून आपल्या ठेच्यात येऊन बसलेल्या पाहुणीची गोष्ट: मिरची. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि चिया भिजवायला विसरू नका!